साध्या कॅमेऱ्याने किडे टिपताना: कढीपत्त्याच्या कुंडीपासून वेताळ टेकडीपर्यंत

पुण्याच्या वेताळ टेकडीवर सकाळी सात वाजता पायवाटेच्या कडेला पालथं पडलं, की पाच मिनिटांच्या आत कोणीतरी काका थांबतात. "काय हरवलं का हो?" मुंगळा दाखवला की आधी मुंगळ्याकडे बघतात, मग माझ्याकडे आणि शेवटी हातातल्या कॅमेऱ्याकडे. "ह्याने येतो फोटो?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की उत्तर एकदा नीट लिहूनच टाकावं म्हटलं.

येतो. फोन चांगले झाल्यापासून बहुतेक घरांत एखादा कॉम्पॅक्ट कॅमेरा कपाटात चार्जरची वाट बघत पडलेला असतो. तो काढा. किड्यांच्या फोटोंसाठी तो वाईट नाही, उलट एका बाबतीत मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा सोयीचा आहे. त्याचा सेन्सर (प्रतिमा टिपणारा आतला तुकडा) साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. सेन्सर लहान असला की फ्रेममध्ये किडा तेवढाच मोठा आणि लेन्सच्या छिद्राचा आकडाही (एफ; आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) तोच ठेवून जास्त खोलीपर्यंत चित्र स्पष्ट येतं. मोठा कॅमेरावाला एफ १६ लावून फ्लॅशशी झगडत असतो, तेव्हा तुम्ही एफ ४ वर निवांत असता. बदल्यात कमी उजेडात दाणे दिसतात आणि किड्याच्या फार जवळ जावं लागतं. पुढची सगळी खटपट या दोन गोष्टींसाठीच आहे.

आधी मोजपट्टी काढा

किड्याच्या मागे धावण्याआधी एक संध्याकाळ टेबलावर घालवा. शाळेची प्लॅस्टिकची मोजपट्टी टेबलावर ठेवा, टेबललॅम्प लावा आणि कॅमेऱ्यातलं फुलाचं चिन्ह असलेला मॅक्रो मोड सुरू करा. झूम अजिबात न करता शटरचं बटण अर्धं दाबा. हिरवी चौकट आली की थोडं जवळ जा आणि पुन्हा अर्धं दाबा. चौकट लाल व्हायला लागली, की एक पाऊल मागे. हे तुमच्या कॅमेऱ्याचं सगळ्यात जवळचं अंतर. कोणाचं १ सेंटिमीटर, कोणाचं ५. तिथून फोटो काढा आणि मोजपट्टीचे किती मिलिमीटर फ्रेमच्या रुंदीत बसले ते मोजा.

माझा जुना १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा ३ सेंटिमीटरवरून ५० मिलिमीटर रुंदीचा तुकडा टिपतो. त्याच्या फोटोची रुंदी ४००० पिक्सेल. म्हणजे ८ मिलिमीटरच्या मुंगळ्याच्या वाट्याला ६४० पिक्सेल आले. फोनवर पाहायला भरपूर, आणि ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापला तर साधारण साडेपाच सेंटिमीटरचा मुंगळा. त्याच फ्रेममध्ये २ मिलिमीटरच्या मुंगीला १६० पिक्सेल मिळतात. तिचा फोटो येईल, पण मिशा मोजता येणार नाहीत. हा हिशोब एकदा केला की कोणत्या किड्यासाठी गुडघे टेकायचे आणि कोणाला नमस्कार करून पुढे जायचं ते कळतं.

हीच चाचणी पूर्ण झूमवर करा. बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये मॅक्रोची जादू फक्त झूम नसतानाच चालते. झूम केलं की जवळचं अंतर एकदम ५० सेंटिमीटर किंवा मीटरभर होतं. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे लोक झूम करून फुलपाखराच्या नाकाला कॅमेरा लावतात आणि "फोकसच होत नाही" म्हणून कॅमेरा परत कपाटात जातो. डिजिटल झूम मात्र मेनूत जाऊन कायमचं बंद करा. ते नुसतं कापणं आहे, आणि ते घरी आल्यावर संगणकावर जास्त चांगलं जमतं.

आता ते अंतर बोटांनी लक्षात ठेवा. माझं दोन बोटांच्या रुंदीएवढं आहे. पुढे सगळं याच अंतराभोवती फिरणार आहे.

एकदाच लावायची सेटिंग्ज

आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) १०० किंवा २००, अगदी नाइलाज झाला तर ४००. 'ऑटो' नको, तो ढगाळ दिवशी गुपचूप ८०० वर जातो. फोकसची चौकट मधोमध, सगळ्यात लहान. चेहरा ओळखण्याची सोय बंद. कोळ्याला आठ डोळे असले तरी कॅमेरा त्याला माणूस मानत नाही. छिद्र हाताने बदलता येत असेल तर एफ ४ ते ५.६ च्या दरम्यान ठेवा. एवढ्या लहान सेन्सरवर एफ ८ ला प्रकाश छिद्राच्या कडांवरून पसरतो आणि सगळंच चित्र किंचित मऊ पडतं. छिद्र बदलता येत नसेल तर 'पी' मोड पुरे, त्यात छिद्र आणि शटरचा वेग कॅमेराच ठरवतो. सलग फोटो काढण्याचा मोड चालू. कॅमेरा आपोआप बंद होण्याची वेळ जास्तीत जास्त, त्याचं कारण पुढे येईल.

एक्स्पोजर (फोटो किती उजळ यावा ते) कमी-जास्त करण्याचं बटण, अधिक-उणे लिहिलेलं, कुठे आहे ते अंधारातही सापडलं पाहिजे. कॅमेरा दिसेल त्याचा सरासरी राखाडी रंग करायला बघतो. फ्रेमभर काळा मुंगळा असेल तर तो उजळून करडा करतो, म्हणून उणे. पांढऱ्या फुलावर पांढरं फुलपाखरू असेल तर मळकट करतो, म्हणून थोडं अधिक. ढालकिड्याची पाठ मात्र आरशासारखी चमकते. तिथे उणे दोन-तृतीयांश केल्याशिवाय लाल रंग हाती लागत नाही.

पहिला महिना घरातच

कढीपत्त्याची कुंडी असेल तर टेकडीवर जायची घाई करू नका. कॉमन मॉर्मन आणि लाइम ही दोन फुलपाखरं कढीपत्त्यावर आणि लिंबावर अंडी घालतात. कोवळ्या पानावर मोहरीएवढं पिवळसर गोल अंडं दिसलं की समजायचं. अळी आधी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी असते, मोठी झाली की हिरवीगार. तिला डिवचलं तर डोक्यामागून तांबूस-केशरी दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास येतो. तो फोटो मोह पाडणारा आहे, पण त्यासाठी मुद्दाम काडीने टोचू नका. पाणी घालताना धक्का लागला की ती आपण होऊन दाखवतेच.

अळी पळत नाही, वाऱ्याने फारशी हलत नाही, रोज त्याच फांदीवर सापडते. शिकायला याहून चांगलं गिऱ्हाईक नाही. दोन आठवडे रोज सकाळी दहा फोटो काढा आणि रात्री मोठ्या पडद्यावर बघून नऊ पुसा.

जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. आई औषध फवारायच्या आत त्याच्याजवळ जा, कारण तिथे मुंग्या हमखास येतात. मावा आणि पिठ्या ढेकूण रस शोषून गोड चिकट थेंब सोडतात, मुंग्या मिशांनी थोपटून तो थेंब मागून घेतात. दुसरं गिऱ्हाईक भिंतीवर: उड्या मारणारा छोटा कोळी. ह्याच्या आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन मोठे, आणि नजर चांगली. लेन्स हलली की मान वळवून थेट तिच्याकडे बघतो, पोज द्यायला बसल्यासारखा. खिडकीच्या कोपऱ्यात मातीचा इवलासा माठ दिसला तर तो कुंभारीण माशीचा. ती चिखलाची गोळी घेऊन पुन्हा पुन्हा तिथेच येते. स्टूल टाकून बसा.

फोकस म्हणजे तुमची कंबर

सगळ्यात जास्त फोटो इथे वाया जातात. ५० मिलिमीटरच्या फ्रेममध्ये स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम दोन मिलिमीटर असते. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस तेवढ्यात नेम धरू शकत नाही; तो गवताच्या पात्यावरून घसरून मागच्या शेजाऱ्यांच्या गाडीवर जाऊन बसतो.

म्हणून फोकस कॅमेऱ्याला करायला लावायचा आणि पुढे स्वतः हलायचं. पद्धत अशी: किड्याच्या शेजारी, तेवढ्याच अंतरावर स्वतःचं बोट धरा. बोटावर अर्धं बटण दाबा, फोकस धरला जाईल. बटण न सोडता कॅमेरा किड्याकडे न्या. आता श्वास सोडत सोडत कमरेतून इंचभर पुढे-मागे डोला. किड्याचा डोळा पडद्यावर चरचरीत दिसला त्या क्षणी बटण पूर्ण दाबा आणि चार-पाच फोटो सलग जाऊ द्या. एखादा लागतो. माझं प्रमाण आजही वीसला एक आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

डोळा स्पष्ट हवा. पाय, पंख, शेपूट धूसर झाले तरी बघणारा माफ करतो, डोळा धूसर असेल तर करत नाही. पंख मिटून बसलेल्या फुलपाखराचं उलटं: तिथे कॅमेऱ्याची पाठ पंखांना समांतर धरा, म्हणजे दोन मिलिमीटरच्या पातळ कापात पूर्ण पंख बसतो.

हात स्थिर ठेवायला ट्रायपॉड सांगितला जातो. किड्यांसाठी मी तो नेत नाही. तो उघडेपर्यंत किडा टेकडीपलीकडच्या पाषाणला पोहोचलेला असतो. त्याऐवजी कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवून हात पुढे ताणा, ताणामुळे थरथर निम्म्यावर येते. फांदी वाऱ्याने हलत असेल तर डाव्या हाताच्या चिमटीत देठ धरा आणि त्याच मनगटावर कॅमेरा टेकवा. आता वारा आला तर फांदी आणि कॅमेरा दोन्ही एकत्र हलतात, अंतर बदलत नाही. हे ज्याने मला दाखवलं त्याच्याकडे माझ्याहूनही जुना कॅमेरा होता. दुसरा उपाय म्हणजे कपड्यांचा चिमटा तारेने काठीला बांधून काठी जमिनीत खोचणं. हसतील लोक.

उजेड: दुधाची पिशवी आणि आइस्क्रीमचा डबा

३ सेंटिमीटरवर गेलात की दोन संकटं येतात. एक, तुमचीच सावली किड्यावर पडते. दोन, फ्लॅश लावला तर लेन्सची नळी त्याच्या वाटेत येते आणि फोटोच्या खालच्या भागात काळी अर्धगोल सावली पडते. उरलेला भाग पांढराफट्ट.

स्वस्तात स्वस्त उपाय म्हणजे पांढऱ्या प्लॅस्टिकचा पडदा. आइस्क्रीमच्या फॅमिली पॅकचं दुधी रंगाचं झाकण घ्या, लेन्सची नळी जाईल एवढं गोल भोक कापा आणि ते नळीवर सैलसर अडकवा, फ्लॅशच्या पुढे येईल असं. फ्लॅशचा उजेड झाकणभर पसरतो आणि किड्याच्या दृष्टीने तळहाताएवढी खिडकी उघडते. उजेडाचं उगमस्थान किड्याच्या मानाने जेवढं मोठं आणि जवळ, तेवढ्या सावल्या मऊ. झाकण जाड वाटलं तर दुधाची पिशवी स्वच्छ धुऊन, छपाई नसलेला भाग कापून दोन पदर करा. बटर पेपरही चालतो, पण पावसाळ्यात दहा मिनिटांत लोळागोळा होतो. मेनूत फ्लॅश 'सक्तीने चालू' करा आणि त्याची ताकद एक टप्पा कमी करा.

बऱ्याच कॉम्पॅक्टमध्ये शटर लेन्सच्या आतच असतं, त्यामुळे फ्लॅश १/५०० सेकंदालाही जुळतो. मोठ्या कॅमेऱ्यांना हे सहज जमत नाही. उपयोग असा, की भर उन्हातही मागचं झगमगीत आकाश दाबून किडा तेवढा उजळता येतो.

फ्लॅश नको असेल तर ढगाळ दिवस निवडा. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये तो वेगळा निवडावा लागत नाही. उन्हात पडदा दिसत नाही, तेव्हा छत्री उघडून मागे ठेवा. सावलीही मिळते आणि काकांपासून थोडा आडोसाही.

आणखी जवळ: जुन्या दुर्बिणीची भिंग

ज्यांना मुंगीच्या मिशा हव्यातच त्यांच्यासाठी. कॅमेऱ्यापुढे भिंग धरली की पूर्ण झूमवरही जवळचं दिसू लागतं. भिंगेची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात: १०० ला तिच्या सेंटिमीटरमधल्या नाभीय अंतराने (दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगेपासून जेवढ्या अंतरावर पडते त्याने) भागायचं. १० सेंटिमीटरची भिंग म्हणजे +१०.

गणित बघा, मजा येईल. १० पट झूमच्या साध्या कॉम्पॅक्टचं पूर्ण झूमवरचं खरं नाभीय अंतर साधारण ४३ मिलिमीटर असतं. पुढे १०० मिलिमीटरची भिंग लावली की सेन्सरवर प्रतिमा मूळ किड्याच्या ०.४३ पट पडते, म्हणजे फ्रेमची रुंदी जवळपास १४ मिलिमीटर. आणि किडा असतो १० सेंटिमीटर लांब! आधी ३ सेंटिमीटरवर जाऊन ५० मिलिमीटर मिळत होते. सावलीचा प्रश्न सुटतो, किडाही घाबरत नाही. किंमत मोजावी लागते ती खोलीत: स्पष्ट भाग आता अर्धा मिलिमीटरही राहत नाही.

तयार भिंग घ्यायची तर रेनॉक्स डीसीआर-२५० ही +८ ची, तीन काचांची, चिमट्याने बसणारी. पण तिचा चिमटा ५२ ते ६७ मिलिमीटरच्या आट्यांवर बसतो, आणि छोट्या कॉम्पॅक्टला आटेच नसतात. लांब झूमवाल्या जाडजूड कॅमेऱ्यांना ती उत्तम. साधी एकच काच असलेली भिंग स्वस्त पडते, पण कडांना जांभळी-हिरवी झालर येते.

मधला मार्ग जुन्या बाजारातून जातो. तिथे फुटकी दुर्बीण मिळते. तिची पुढची मोठी काच दोन काचा चिकटवून केलेली असते, त्यामुळे रंगांची झालर फारशी येत नाही. घासाघीस करताना "एकच बाजू चालते" हे ठणकावून सांगा. आपल्याला एकच लागते. काच घरी आणून खिडकीसमोरच्या भिंतीवर बाहेरच्या झाडाची प्रतिमा पाडा आणि काचेपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा, ते नाभीय अंतर. खिशातल्या लहान दुर्बिणींची काच बहुधा ८ ते १० सेंटिमीटरची निघते.

एक गोष्ट मी सहा महिने चुकवली: काच उलटी लावायची. दुर्बिणीत जी बाजू बाहेर आकाशाकडे होती, ती आता कॅमेऱ्याकडे. कारण किडा नाभीवर असताना समांतर किरण कॅमेऱ्याच्या बाजूने निघतात, आणि ती बाजू समांतर किरणांसाठीच घासलेली असते. सुलट लावली तर फोटो येतो, पण कडा लोण्यासारख्या.

बसवायला बाटलीचं रुंद झाकण किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा आतून काळा रंगवून घ्या. तो कॅमेऱ्याच्या अंगावर चिकटवा, लेन्सच्या हलत्या नळीवर नको. तिची मोटर नाजूक असते. शिवाय पाइपच्या आत नळीला पुढे-मागे व्हायला जागा हवी. कॅमेरा आपोआप बंद होण्याची वेळ वाढवायला सांगितली ती याचसाठी. भिंग अडकलेली असताना नळी आत जायला लागली, की जो आवाज येतो तो ऐकवत नाही.

आणि हे सगळं उद्योग वाटत असतील, जुना कॅमेरा घ्यायचाच असेल, तर ऑलिंपसच्या टफ मालिकेतला टीजी-४ (२०१५) किंवा त्यानंतरचा बघा. त्याचा मायक्रोस्कोप मोड झूम केल्यावरही लेन्सपासून १ सेंटिमीटरवर फोकस करतो. पावसात भिजला तरी चालतो, हे पुण्याच्या पावसात महत्त्वाचं.

आता टेकडी

किड्यांचं रक्त थंड. सकाळी गारठलेले असतात, उन्हं चढली की विजेसारखे पळतात. म्हणून सूर्योदयापासून साडेआठपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत पाषाण तलावाच्या काठच्या गवतावर दव असतं आणि टाचण्या पंखांवर थेंब घेऊन बसलेल्या सापडतात. तेव्हा घाई करायची गरज नसते. चतुर उडाला तरी हताश होऊ नका. तो बहुधा त्याच काडीवर परत येतो. तुम्ही फक्त दोन पावलं जवळ सरकून स्तब्ध बसा.

संध्याकाळची एक युक्ती फार कमी लोक वापरतात. सूर्य मावळताना वाळक्या काड्या बघत चला. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्यांचे नर जबड्याने काडी पकडून, पाय सोडून, ओळीने झोपतात. झोपलेली मधमाशी १ सेंटिमीटरवरूनही तक्रार करत नाही.

जूनचा पहिला पाऊस पडला की तळजाई टेकडीला जा आणि ओल्या मातीत लाल मखमलीचा ठिपका शोधा. मृगाचा किडा. नाव किड्याचं असलं तरी पाय आठ आहेत, म्हणजे तो कोळ्यांच्या गोतावळ्यातला. लाल रंग कॅमेऱ्याला झेपत नाही, म्हणून उणे एक टप्पा. नाहीतर मखमलीच्या जागी लाल डाग येतो. काही दिवसांतच हे दिसेनासे होतात. जुलै-ऑगस्टमध्ये टाकळा माजला की पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या पानाच्या शिरेवर सरळ पडून असतात, आधी दिसतच नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबर सिग्नेचर कोळ्याचे: जाळ्यात इंग्रजी एक्ससारखी पांढरी नक्षी, मधोमध बाई. हे जाळं टिपताना मागे सावलीतली झाडी येईल असा कोन घ्या.

पालथं पडायच्या आधी काठीने पाचोळा हलवून बघा. पुण्याच्या टेकड्यांवर घोणस आहे आणि ती पाचोळ्यासारखीच दिसते. केसाळ सुरवंटाला हात नको. गांधीलमाशीचं पोळं दिसलं तर तिथे झूम वापरा, आयुष्यात एवढा एक अपवाद चालेल.

किडा थंड पडावा म्हणून फ्रीजमध्ये ठेवणं, चिकटवणं, फूल तोडून सोयीच्या जागी नेणं असले प्रकार काही जण करतात. त्यातून येणारा फोटो ओळखू येतो: पाय चुकीच्या पद्धतीने वळलेले असतात आणि जाणकाराच्या नजरेतून ते सुटत नाही.

घरी आल्यावर

कापा, थोडी धार वाढवा, थांबा. धारेची पट्टी शेवटपर्यंत ओढली की केसांभोवती पांढरी किनार येते. मूळ फाइल जपून ठेवा.

किड्याची ओळख हवी असेल तर एका सुंदर फोटोपेक्षा तीन साधे फोटो कामाचे: वरून, बाजूने आणि समोरून. चौथा, ज्या झाडावर होता त्याच्या पानाचा. आयनॅचरलिस्टवर (सजीवांच्या नोंदी आणि ओळख करण्याचं संकेतस्थळ) टाकताना तारीख आणि ठिकाण द्या. कोळी असेल तर पोटाकडचाही एक घ्या. माझे तीन वर्षांचे कितीतरी कोळी फक्त 'कोळी' या नावावर अडकून पडलेत, कारण मी प्रत्येक वेळी डोळ्यांच्याच मागे होतो.